उगाच पडणारा खटका

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांसाठी सहा चार्जिंग पॉइंट काढलेले आहेत. एक लोखंडी पेटी, तिच्यात एक आरसीसीबी (वायरमन लोक त्याला अजून 'ईएलसीबी'च म्हणतात, त्यामागची गंमत पुढे येईलच) आणि त्याच्यापुढे सहा एमसीबी. पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग तो मोठा खटका पडायला लागला. कधी मध्यरात्री, कधी पहाटे. सकाळी ऑफिसला निघालेल्या माणसाची बॅटरी अठरा टक्क्यांवर, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर जे काय होतं ते तुम्ही कल्पनेनं समजून घ्या.

वायरमन आला. त्यानं सहाच्या सहा एमसीबी खाली पाडल्या, मोठा खटका वर केला आणि वाट बघत बसला. दहा मिनिटांत 'टक्'. म्हणजे पुढे एकही चार्जर चालू नाही, तरी हा पडतोच! त्यानं निदान सांगितलं, "साहेब, पीसच खराब आहे. आणि तसं बघायला गेलं तर ह्याची गरजच काय? डायरेक्ट करून टाकतो. एमसीबी आहेत ना सगळीकडे."

कमिटीला ते लगेच पटलं. मला पटलं नाही, पण का पटलं नाही हे तिथल्या तिथे धड सांगताही येईना. आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहिलेल्या माणसाला एवढं माहीत असतं की अलार्म त्रास देतोय म्हणून जो बंद करतो, त्याला पुढे कधीतरी पहाटे तीनला उठावं लागतं. पण हा झाला स्वभाव, ह्याला काही युक्तिवाद म्हणता येणार नाही. मी दोन शनिवारांची मुदत मागून घेतली. त्या दोन आठवड्यांत पेटीत जेवढं डोकं घातलं, त्याच्यापेक्षा जास्त ह्या खटक्याच्या इतिहासात घातलं. आजचा लेख त्यावर.

आधी त्या "एमसीबी आहेत ना" बद्दल. घराघरांत दिसणारी एमसीबी ही जर्मनीतल्या मानहाइम गावच्या ह्यूगो श्टोट्झची देणगी, पेटंट १९२४ सालचं. तोपर्यंत फ्यूज. श्टोट्झच्या खटक्यात दोन यंत्रणा एकत्र होत्या. जास्त करंट बराच वेळ वाहिला की तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी, आणि शॉर्टसर्किट झालं की क्षणात ओढून घेणारं विद्युतचुंबक. सुरुवातीचे नमुने फ्यूजच्याच जागी आटे फिरवून बसत, त्यामुळे घरातलं वायरिंग बदलायची गरज नव्हती. (जुन्या इंटरफेसमध्ये नवा माल बसवायचा, ही आमच्या धंद्यातलीही सगळ्यात यशस्वी युक्ती.) शंभर वर्षं झाली तरी आतली कल्पना तीच आहे.

पण एमसीबी राखण करते ती वायरची. सोळा अँपिअरची एमसीबी म्हणजे सोळा अँपिअरपर्यंत ती निवांत. माणूस मरायला त्याचा शंभरावा भागही पुरे होतो. म्हणजे तुम्ही फेजला चिकटलात तर एमसीबीच्या दृष्टीनं तुम्ही एक लहानसा दिवा आहात. ती कशाला पडेल?

मग माणसाची राखण कोणी करायची? ह्यासाठी आधी माणसाला किती करंट चालतो ते कळायला हवं. ते मोजायचं काम प्रामुख्यानं केलं कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील ह्यांनी. १९४० च्या दशकात त्यांनी धडधाकट स्वयंसेवकांच्या ओल्या हातात तांब्याची तार दिली आणि करंट हळूहळू वाढवत नेला. प्रश्न एकच, तार सोडता येते का? एका मर्यादेनंतर हाताचे स्नायू असे आवळतात की माणसाला मूठ उघडताच येत नाही. १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांवर हे प्रयोग झाले. पुरुषांची सरासरी निघाली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. पण सरासरीवर सुरक्षा ठरवता येत नाही, कमजोरातल्या कमजोराचा विचार करावा लागतो. तसा केला तर पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ मिलिअँपिअर. मुलांसाठी अर्थातच आणखी कमी. (आजच्या कुठल्याही विद्यापीठात असा प्रयोग मांडला तर मंजुरीची फाईल पहिल्याच टेबलावर मरेल.)

दुसरा प्रश्न हृदयाचा. ते किती करंटला आपला ताल सोडून नुसतं थरथरायला लागतं? हे माणसांवर करून बघता येत नाही, म्हणून जनावरांवरच्या प्रयोगांवरून डॅल्झीलनी एक सूत्र मांडलं. पन्नास किलोच्या माणसासाठी, ११६ ला सेकंदांच्या वर्गमुळानं भागा, येईल ती मिलिअँपिअरमधली धोक्याची रेषा. एक सेकंद करंट वाहिला तर ११६. एका सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४० मिलिसेकंद वाहिला तर ५८०.

ह्या सूत्रापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण माझा स्वतःचा एक गैरसमज इथे फुटला. मला इतकी वर्षं वाटायचं की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला की अंगातून ३० च्या वर करंट जातच नाही. साफ चूक. अंगातून किती जाणार हे तुमचं अंग ठरवतं. २३० व्होल्टला शरीराचा अडथळा हजार-दीड हजार ओहम धरला तर दीडशे ते सव्वादोनशे मिलिअँपिअर जाणारच, खटका असो वा नसो. खटका फक्त वेळ कापतो. सेकंदभर वाहिले असते तर जीव गेला असता, ते ४० मिलिसेकंदांतच तोडतो. झटका बसतोच, सणसणीत बसतो, पण माणूस शिव्या द्यायला शिल्लक राहतो.

आता हे जमवायचं कसं? जुना मार्ग होता उपकरणाच्या धातूच्या अंगावर किती व्होल्ट चढलेत ते बघून तोडणारा खटका. तो खरा ईएलसीबी. त्याला उघड्या वायरला चिकटलेला माणूस दिसायचा नाही, आणि नळाच्या पाइपातून वगैरे दुसरीकडून अर्थ मिळाला की तो गोंधळायचा. तो मागे पडला, पण त्याचं नाव आमच्या वायरमनच्या तोंडी राहिलं. दुसरा मार्ग जमाखर्चाचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आलाच पाहिजे. दोन्ही वायरी एका लोखंडी कड्यातून ओवायच्या. जमा आणि खर्च जुळत असेल तर कड्यात काही उमटत नाही. फरक आला की समजायचं, वाटेत कुठेतरी, कुणातरी मार्फत, करंट जमिनीत गळतोय. हिशेबाची वही जुळेना की दुकानाचं शटर खाली!

तत्त्व जुनं होतं, पण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा यंत्रणा साधारण १० अँपिअरची गळती झाली की मगच हलायच्या. म्हणजे माणसाच्या दृष्टीनं निरुपयोगी. तिथून पुढे उडी मारली ती दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गच्या आसपासच्या सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात ही मोठी काळजी होती. हेन्री रूबिन नावाच्या इंजिनिअरनं १९५५ मध्ये ५२५ व्होल्टवर चालणारी, २५० मिलिअँपिअरला तोडणारी यंत्रणा केली. १० अँपिअरवरून एका उडीत चाळीसपट! खाणींत ती चांगली चालली, आणि दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. पण रूबिननं १९५६ च्या सुरुवातीला पूर्णपणे वेगळ्या तत्त्वावरचा, चुंबकीय अँप्लिफायर वापरणारा नमुना केला. तो साडेबारा ते साडेसतरा मिलिअँपिअरच्या दरम्यान तोडत असे. ट्रान्झिस्टर वापरायचा विचार त्यानं केला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर बेभरवशाचे म्हणून सोडून दिला. जीव वाचवणाऱ्या वस्तूत नवीन तंत्रज्ञान 'नको' म्हणणारा माणूस मला आवडतो.

त्यानंतर स्टिलफॉन्टीनच्या खाण-वसाहतीत एका बाईचा घरात विजेच्या धक्क्यानं मृत्यू झाला. खाणीत नव्हे, घरात. त्या मृत्यूनंतर १९५७-५८ मध्ये वसाहतीतल्या काहीशे घरांत २० मिलिअँपिअरचे खटके बसवले गेले. आज आपल्या घरातल्या डीबीमध्ये जो खटका बसलेला असतो, त्याचे हे आद्य पूर्वज. साधारण त्याच सुमारास, १९५७ मध्ये, ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगलमायर हा भौतिकशास्त्रज्ञ त्याच कामात होता. त्यानं पुढे शरीराचा विद्युत-अडथळा मोजण्यासाठी प्रयोगाचा प्राणी म्हणून स्वतःलाच वापरलं.

इथपर्यंतची गोष्ट शौर्याची. ह्यापुढची गोष्ट कटकटीची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

खटका जितका संवेदनशील, तितका माणूस सुरक्षित, हे उघड आहे. मग एक मिलिअँपिअरलाच का तोडू नये? कारण प्रत्येक वायर थोडी गळते. लांब वायर जास्त गळते, ओली वायर त्याहून जास्त. फार हळवा खटका रोज पडेल, आणि रोज पडणारा खटका लोक काढून टाकतील. म्हणजे खटक्यावर छापलेला आकडा हा नुसता वैद्यकीय आकडा नसून हृदय आणि माणसाची सहनशक्ती ह्यांच्यातली तडजोड आहे. ही तडजोड दोन खंडांनी दोन तऱ्हेनं केली. अमेरिकेनं हाताचा प्रश्न धरला. तार सोडता आली पाहिजे, बाईला आणि मुलालाही. म्हणून त्यांचा खटका ५ मिलिअँपिअरचा, ४ ते ६ च्या मध्ये पडणारा. १९६१ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारा तसा खटका तयार करण्यात डॅल्झील स्वतःच होते. युरोपनं हृदयाचा प्रश्न धरला. ताल सुटता कामा नये, हात चिकटला तरी वेळेत तुटलं पाहिजे. म्हणून ३० मिलिअँपिअर. आपण भारतात युरोपची वाट धरली.

अमेरिकेला ५ मिलिअँपिअरची किंमत लगेच मोजावी लागली. तिथल्या वायरिंगच्या नियमावलीत हे खटके १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी आले, १९७१ मध्ये घराबाहेरच्या सॉकेटसाठी, १९७५ मध्ये बाथरूमसाठी. बांधकामाच्या जागी मात्र भांडण पेटलं. तिथे लांबच लांब वायरी चिखलातून ओढलेल्या, हत्यारं जुनी, खटके सारखे पडायचे. कंत्राटदार म्हणाले, कामच होत नाही. शेवटी १९७६ मध्ये तिथल्या कामगार-सुरक्षा खात्यानं तोडगा काढला. खटके तरी लावा, नाहीतर प्रत्येक वायरचं आणि हत्याराचं अर्थिंग ठरल्या वेळी तपासून त्याची नोंद ठेवा. 'उगाच पडतो' ह्या तक्रारीनं एका देशाचा नियम वाकवला. कंत्राटदारांना नुसतं लबाड म्हणून सोडून देणं मला जमत नाही. ओल्या वायरीतून खरोखरच गळती होत होती. खटका खरं तेच सांगत होता, फक्त त्या गळतीला कोणी चिकटलेलं नव्हतं.

ऑस्ट्रियानं जास्त शहाणपणा केला असं माझं मत. तिथे वादळात वीज चमकली की लाटेमुळे खटके पडायचे, आणि घरी कोणी नसलं की फ्रीजरमधलं सगळं खराब. त्यांनी आकडा तसाच ठेवून जरा धीर धरणारा प्रकार काढला. किमान १० मिलिसेकंद थांबायचं आणि मगच पडायचं. क्षणिक लाट तेवढ्यात निघून जाते, माणूस चिकटला असेल तर तो तिथेच असतो. डॅल्झीलचं सूत्र आठवा, १० मिलिसेकंदांनी हृदयाचं काही बिघडत नाही. आम्ही बटणाच्या क्लिकवर जे 'डिबाउन्स' करतो, तेच हे.

मग आल्या बॅटऱ्या, आणि जुना हिशेब पुन्हा मोडला.

चार्जर म्हणजे एसी घेऊन डीसी देणारं, आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं इलेक्ट्रॉनिक्स. त्याचा विजेचा कोलाहल लाइनवर जाऊ नये म्हणून दाराशीच एक फिल्टर असतो, आणि त्यात फेज ते अर्थ असा एक छोटा कपॅसिटर असतो. म्हणजे गळती बिघाडामुळे नाही, ती डिझाइनमध्येच आहे. समजा ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला तो एक तृतीयांश मिलिअँपिअर सोडतो. एकट्यानं काही होत नाही. पण अशी उपकरणं एका खटक्याखाली गोळा झाली की बेरीज होत जाते, आणि ३० मिलिअँपिअरचा खटका १५ च्या वर कधीही पडायला मोकळा असतो, नियमातच तशी मुभा आहे. म्हणून नेहमीची गळती ३० च्या तीस टक्क्यांत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी असं इंग्लंडची नियमावली सांगते. शिवाय लाइट जाऊन आली की सगळे कपॅसिटर एकदम भरतात, आणि त्या एका क्षणाची गळती नेहमीच्या कितीतरी पट असते.

अमेरिकेत तर मोठीच पंचाईत झाली. मोटारीच्या चार्जरला ५ मिलिअँपिअर पाळणं अवघड, म्हणून चार्जिंगच्या पेटीसाठी तिथल्या मानकात २० मिलिअँपिअरचा पर्याय आला, अट ही की पेटीनं अर्थिंग शाबूत आहे का ते सतत तपासत राहायचं. म्हणजे इतकी वर्षं हाताचा प्रश्न धरून बसलेल्या देशाला बॅटरीच्या गाडीनं हृदयाच्या प्रश्नाकडे आणलं. पण २०१७ आणि २०२० च्या नियमावलीनं गाडीच्या चार्जरसाठीच्या सॉकेटलाही ५ मिलिअँपिअरचं संरक्षण सक्तीचं केलं. आता एका ओळीत दोन पहारेकरी. आतला २० ला ओरडणार, बाहेरचा ५ लाच. आतल्या पेटीनं आपली स्वतःची चाचणी घेतली तरी बाहेरचा पडू शकतो.

पण पडणं ही त्यातल्या त्यात बरी बाजू. न पडणं जास्त वाईट. मघाशी सांगितलेलं लोखंडी कडं एसीवर चालतं. चार्जरमध्ये बिघाड होऊन सपाट डीसी गळायला लागला तर कडं चुंबकत्वानं भरून जातं आणि मग त्याला काहीच जाणवत नाही. एखादा माणूस फेजला चिकटला तरी नाही. बाहेरून खटका ठणठणीत, वर केलेला, शांत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ह्याला घाबरतो, सगळे दिवे हिरवे आणि मॉनिटरच मेलेला. २०१२ च्या अखेरीस आलेल्या रेनॉच्या झोए गाडीचा चार्जर तर मोटारीचीच वेटोळी चार्जिंगला वापरायचा, मध्ये वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर नाही. अशा रचनेत हा धोका नुसता कागदावरचा राहत नाही.

ह्यावर युरोपनं खटक्यांच्या जाती पाडल्या. 'एसी' जात फक्त नितळ एसी ओळखते. 'ए' जात अर्ध्या-तुटक्या लाटाही ओळखते आणि ६ मिलिअँपिअरपर्यंतच्या सपाट डीसीनं आंधळी होत नाही. 'बी' जात डीसीही पकडते, पण महाग. जर्मनीनं 'एसी' जात १९८० च्या दशकातच बाद केली. मोटारींसाठी मधला मार्ग निघाला, 'ए' जातीचा खटका आणि चार्जिंगच्या पेटीत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारा वेगळा पहारेकरी. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१८ चं आहे. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०१९ च्या नियम-दुरुस्तीत गाड्यांच्या चार्जिंगसाठी ३० मिलिअँपिअरहून जास्त नाही आणि किमान 'ए' जात, असं लिहिलं. तुमच्या खटक्याची जात ओळखायला इंजिनिअर लागत नाही. पुढच्या बाजूला छोट्या चौकोनात नुसती एक लाट असेल तर 'एसी', लाटेखाली अर्ध्या लाटेचे उंचवटे असतील तर 'ए'.

एवढं वाचून मी पहिल्या शनिवारी पेटी उघडली. चौकोनात नुसती एक लाट. म्हणजे आमचा खटका नको तेव्हा पडत होता, आणि हवा तेव्हा पडलाच असता ह्याचीही खात्री नव्हती.

पण सगळ्या एमसीबी बंद असताना तो पडत का होता? हे कोडं सुटलं ते वेळा लिहून काढल्यावर. वॉचमनला वही दिली होती. पहाटेचे खटके साडेपाच ते सातमध्ये दाटीनं होते. त्या वेळी बिल्डिंगमध्ये काय चालू असतं? गीझर! चार्जरचा आणि गीझरचा संबंध काय, असं सेक्रेटरींनी विचारलं, आणि मलाही तेच वाटलं होतं. संबंध न्यूट्रलचा होता. एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आमच्या एका पॉइंटच्या डब्यात न्यूट्रलची वायर स्क्रूखाली चेंगरून डब्याला, म्हणजे अर्थिंगला टेकली होती. गीझर चालू झाले की बिल्डिंगच्या मुख्य न्यूट्रलमधून बराच करंट परत जातो आणि त्या न्यूट्रलवर एखाद-दोन व्होल्ट चढतात. दोन व्होल्ट म्हणजे काहीच नाही, पण वाटेत एकूण वीस ओहमचा अडथळा धरला तरी १०० मिलिअँपिअर अर्थमध्ये पळतात. जमाखर्च बिघडला, खटका पडला. पीस अजिबात खराब नव्हता.

ते शोधायची रीत सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. मुख्य स्विच बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून सहाही न्यूट्रल सोडवायचे, आणि प्रत्येकाची मेगरनं अर्थशी तपासणी करायची, चार्जर वगैरे सगळं काढून ठेवून. हे काम लायसन्सवाल्या वायरमननंच करायचं. मी फक्त स्टुलावर बसून टॉर्च धरला होता आणि वहीत आकडे लिहीत होतो. चौथा न्यूट्रल सापडला.

दुसऱ्या शनिवारी मित्राच्या कारखान्यातून गळती मोजायचा क्लॅम्प मीटर आणला. सगळ्या स्कूटर लावल्यावर गळती ६ मिलिअँपिअरच्या थोडी वर. म्हणजे नेहमीसाठी ठीक. मध्यरात्रीचे खटके मग कुठले? वॉचमनची वही पुन्हा उघडली. त्यातले जवळजवळ सगळे लाइट जाऊन आल्यानंतरचे होते. सहाही फिल्टर एका क्षणी भरत होते. उपाय साधा, एकाऐवजी तीन आरसीसीबी, प्रत्येकाखाली दोन पॉइंट, आणि तिन्ही 'ए' जातीचे. खर्च ऐकून कमिटीत अर्धा तास शांतता होती. मी त्यांना स्टिलफॉन्टीनची गोष्ट सांगितली. ती किती जणांना भिडली माहीत नाही, पण "पीस खराब नव्हताच" हे वायरमननं स्वतः सांगितल्यावर ठराव पास झाला. सहा पॉइंटवाल्यांनी समान वाटणी केली.

नंतर पावसाळ्यात मधला खटका एकदा पडला. मला लगेच फोन, "अहो, पुन्हा सुरू झालं तुमचं!" खाली जाऊन बघतो तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, जवळ जागा मिळाली नाही म्हणून, एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून ओढून स्कूटर लावलेली. बोर्ड पाण्यात. शेजारी मुलांची सायकल आडवी पडलेली. बोर्ड काढला, खटका वर केला, तो वरच राहिला. काका म्हणाले, "उगाच पडतो हो हा." मी वहीत तारीख आणि वेळ लिहिली, पुढच्या रकान्यात 'बोर्ड ओला' असं लिहिलं, आणि वही वॉचमनला परत दिली.